कुकारा ऐकू आला नाही

पंकजाक्षीला पूल नको होता असं पनयंतुरुत्तावर अजून कोणी म्हणत असेल, तर त्याची जीभ झडो. त्या बेटावर पुलासाठी तिच्याइतकं कोणी भांडलेलं नाही. वॉर्डसभा भरली की सगळ्यांत आधी उठायची ती, आणि मागायची एकच गोष्ट. तेक्कुंकडव नगरसभेतून आलेले साहेबलोक एकमेकांकडे बघून हसायचे, कारण पूल झाला तर पोट जाणार होतं ते तिचंच. बेट आणि शहर यांच्यामधल्या पाण्यावर होडी चालवायची ती.

पण तिची धाकटी बहीण सुमती बाळंतपणात अडली, तेव्हा ह्याच होडीत होती. ओहोटी लागलेली, पाणी समुद्राकडे ओढत होतं. पंकजाक्षीने तळहात सोलून निघेपर्यंत वल्हं मारलं. पलीकडच्या दवाखान्याची भिंत दिसत होती, दारातली माणसंसुद्धा ओळखू येत होती. सुमती मध्यावरच गेली, पोटातल्या जिवासकट. तेव्हापासून पंकजाक्षीने होडीचं कौतुक कधी ऐकून घेतलं नाही. शहरातले पाहुणे होडीत बसून गाणं म्हणायला लागले की ती म्हणायची, "एकदा भर ओहोटीत वल्हं मारा, मग म्हणा गाणं."

वल्हं बापाकडून आलं होतं. कुमारनला मुलगा नव्हता. छातीचा भाता झाला तसं त्याने ते थोरल्या लेकीच्या हातात दिलं. बाईच्या होडीत बसायचं कसं, म्हणून पुरुषांनी चार दिवस नाकं मुरडली. मग बाजार बुडायला लागला तसे मुकाट्याने येऊन बसले. पुढे तिचं लग्न झालं दिवाकरनशी, काथ्याचे दोर वळणाऱ्याशी. मवाळ माणूस. दुपारसाठी तिला डब्यात भात आणि माशाचं कालवण भरून द्यायचा, आणि त्यावरून लोक त्याला बायकोची सासू म्हणून चिडवायचे. तो तापाने गेला. त्यानंतर डबा तिचा तीच भरू लागली, पण दुपारी होडी शहराच्या बाजूला बांधून, जेट्टीच्या सावलीत बसून सावकाश जेवायचं, हे तिने सोडलं नाही. त्या वेळात बेटावरून कोणाला यायचं असेल तर त्याने कुकारा घालायचा.

होडी बोलवायची तिथली रीतच ती. फोन आता सगळ्यांच्या खिशात आलेत, पण पंकजाक्षीने फोन कधी होडीत ठेवला नाही. पायऱ्यांवर उभं राहायचं, तोंडाभोवती तळवे धरायचे आणि पोटातून आवाज काढायचा: कूऽऽय्. ज्याचा त्याचा कुकारा वेगळा. पायऱ्यांजवळच्या चहावाल्या कुट्टप्पनचा शेवटी खोकल्यात मोडतो, अंगणवाडीच्या लतिका टीचरचा प्रार्थनेसारखा लांबत जातो. चुलीपाशी बसल्या बसल्या बायका सांगतात की आत्ता कोण पलीकडे चाललंय, आणि कशाला चाललं असेल तेही, कोणी न विचारता. आमच्या बेटावरून चोरून जाता येत नाही, ह्याचा लोकांना केवढा अभिमान! कुकारा ऐकू आला नाही म्हणजे कोणी गेलं नाही, असा तिथला कायदाच.

त्यात नगरसभेने एक शहाणपणा केला. घरातल्या मारहाणीचं काय करायचं, ह्यावर चेअरमन जोसुकुट्टी ह्यांनी भरसभेत गळा दाटून भाषण केलं. वॉर्डावॉर्डात जाग्रता समित्या होत्याच. मार खाणाऱ्या बाईने तिथे तक्रार करायची, समितीने ऐकून घ्यायचं, गरज पडली तर पोलिसांकडे पाठवायचं. आता ठराव असा झाला, की वर्षाच्या शेवटी ज्या वॉर्डात अशी एकही तक्रार शिल्लक नसेल, त्या वॉर्डाच्या कामाला आधी पैसा. रस्ता म्हणा, गटार म्हणा, पूल म्हणा. 'शांत घर, पुढे वॉर्ड' अशी घोषणाही ठरली. टाळ्या पडल्या. घर शांत कशाने होतं, मार थांबल्याने की रडणं थांबल्याने, हे एकानेही विचारलं नाही. आणि त्या सभेत निम्म्या बायका बसल्या होत्या, चीड येते ती ह्याची.

पनयंतुरुत्तावर आनंदीआनंद झाला. बेटावरून तक्रार अशी कधी गेलीच नव्हती, म्हणजे पूल आपलाच. वॉर्डाची मेंबर शोभना घरोघरी जाऊन तोंड गोड करून आली. कुट्टप्पन तर पुलाच्या तोंडाशी दुकान कसं हलवायचं ह्याचे बेत सांगू लागला. आणि अशात रजिताचा जबडा मोडला.

रजिता ही अनिरुद्धनची बायको. अनिरुद्धन बेटाचा लाडका. ओणमच्या शर्यतीत बेटाच्या नौकेवर सगळ्यांत पुढचं वल्हं त्याचं. कोणाकडे मयत झालं तर लाकडं फोडायला पहिला हजर तो. म्हातारी माणसं त्याच्या डोक्यावर हात ठेवायची. रजिता मात्र भर उन्हाळ्यातही कोपराखाली बाह्या येतील असे ब्लाउज घालायची, आणि विहिरीवर बाकीच्या निघून गेल्या की मग पाणी भरायची. दिसत सगळ्यांना होतं. साप म्हणू नये धाकला, नवरा म्हणू नये आपला, असं म्हणून बायका उसासे टाकायच्या आणि आपापल्या कळशा उचलायच्या. म्हण सांगितली की आपलं काम झालं, असं माणसाला फार लवकर वाटतं.

त्या दुपारी पंकजाक्षीने डबा उघडला होता. समोर बेटाच्या पायऱ्यांवर एक बाई येऊन उभी राहिली. तोंडाला पंचा लावलेला. कुकारा नाही. कुकारा नाही म्हणजे घाई नाही, कोणाची तरी वाट बघत असेल, असं म्हणून पंकजाक्षीने घास घेतला. बाईने हात वर केला. मग ती एक पायरी उतरली, आणखी एक उतरली, पाणी कमरेला लागलं तरी थांबेना. तेव्हा पंकजाक्षी डबा तसाच टाकून उठली. भात कावळ्यांनी खाल्ला.

होडीत ओढून घेताना पंचा सुटला. चेहऱ्याचा खालचा भाग एका बाजूला सरकला होता. पंकजाक्षीने विचारलं, त्याने मारलं का? रजिताने मान हलवली, हो. कशाने, हे हाताने दाखवलं: उखळातल्या मुसळाने. मग ती बेटाकडे तोंड करून बसली, कारण तिची चार वर्षांची मीनू तिकडेच राहिली होती.

दवाखान्यात जबडा तारांनी बांधला. अनिरुद्धन पोचला तो डोळ्यांत पाणी घेऊनच. त्याने सांगितलं, सकाळी माहेरी म्हणून गर्दीबरोबर पलीकडे आली, आणि इकडच्या जेट्टीच्या शेवाळावर घसरून पडली. रजिताचं तोंड बांधलेलं. तिच्या भावाला घरात पाहुणी ठेवून घ्यायची नव्हती. त्याने मेव्हण्याच्या बोलण्यावर मान डोलावली. पंकजाक्षी नर्सला सांगायला गेली की मी आत्ता, ह्या दुपारी हिला आणलीय, तर तिला उत्तर मिळालं की घरच्यांनी सांगितलंय, तुम्ही होडी बघा. आपल्याकडे तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात. इथे तर तोंड सरकारी खर्चाने बांधून दिलं होतं.

तारा निघाल्या त्याच आठवड्यात रजिताने माहेरून येऊन लतिका टीचरकडे तक्रार दिली. टीचर समितीचं लिहिण्याचं काम बघायची. मुलगी मला द्या आणि ह्या माणसाला माझ्यापासून लांब ठेवा, एवढंच रजिताचं मागणं होतं. तक्रार मिटवली गेली तर भाऊ तिला त्याच घरात सोडून येणार होता, तसं त्याने सांगूनच ठेवलं होतं.

आणि बेट पेटलं. अनिरुद्धनवर नाही, रजितावर! एका बाईपायी अख्ख्या वॉर्डाचा पूल जातोय. संसारात भांड्याला भांडं लागतंच. आमच्या पोरांनी काय जन्मभर होडीतून शाळेत जायचं? ज्यांनी इतकी वर्षं वॉर्डसभेत पंकजाक्षीच्या मागे उभं राहायलाही आळस केला, त्यांच्या तोंडात आता पुलाशिवाय दुसरा शब्द नव्हता. पलीकडच्या देवळात, रेशनच्या रांगेत, बाजारात, जिथे रजिताची आई दिसेल तिथे तिला गाठून समजावलं जाऊ लागलं. समजावणं म्हणे! भुंग्यांनी घेरल्यासारखं म्हातारीला घेरायचे.

पंकजाक्षी सरळ शोभनाच्या घरी गेली. त्या दुपारी काय पाहिलं ते तिने अथपासून इतिपर्यंत सांगितलं. शोभनाने ऐकून घेतलं, केळ्याची भजी पुढे केली आणि थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाली, "चेची, पूल झाला की तुमचं नुकसान होणार, ते का मला कळत नाही? नगरसभेच्या बागेत पाणी घालायचं काम आहे. बसून पगार. मी शब्द टाकते."

"मी नुकसानीचं बोलले का?" पंकजाक्षीने विचारलं.

"तुम्ही नाही बोललात. पण लोक बोलणारच ना. होडीवाली पुलाच्या आड येतेय, असं म्हणतील. तुमचं कोण खरं मानेल?"

भजी तशीच ठेवून पंकजाक्षी उठली. सबंध आयुष्य जिच्यासाठी घसा फोडला, तीच गोष्ट आता तिच्या तोंडात बोळा म्हणून कोंबायला काढली होती. खोटं बोलणाऱ्याला वॉर्डाचं हित, आणि खरं बोलणारीला पोटाची काळजी. वा रे न्याय!

वर्ष संपत आलं, तशी तक्रार ऐकायला समिती बेटावरच्या वाचनालयात बसली. जोसुकुट्टी स्वतः आले, दोन साहेबांना घेऊन, पंकजाक्षीच्याच होडीतून. तक्रार मिटली की तिथल्या तिथे पूल जाहीर करायचा असा बेत होता. पुलाचा फलक भिंतीला लावून तयार होता, कुट्टप्पनच्या चहाची किटली दारात होती. बारशाला जमावी तशी माणसं जमली होती. रजिता आईजवळ बसली होती. समोर अनिरुद्धन, कमरेला पांढरं धुतलेलं मुंडू, मान खाली घालून. त्याची आई देवकी मागच्या बाकावर मीनूला मांडीवर घेऊन बसली होती आणि कोणाकडेच बघत नव्हती.

अनिरुद्धनने हात जोडून तेच सांगितलं. सकाळी गेली, पलीकडे पडली. मी तिला फुलासारखी जपतो. मग कुट्टप्पन उभा राहिला.

"मी सकाळपासून पायऱ्यांपाशी असतो," तो म्हणाला. "दुपारी जरा दुकानामागे आडवा होतो, पण कान जागे असतात. त्या दुपारी कुकारा झालाच नाही. कुकारा नाही, तर होडी आली कशी? आणि होडी आली नाही, तर ही गेली कशी? म्हणजे सकाळीच गेली असणार."

त्याच्यामागे आणखी तिघं-चौघं उठली. सगळ्यांचं एकच, कुकारा ऐकू आला नाही. आणि गंमत अशी की कोणी खोटं बोलत नव्हतं. माना डोलू लागल्या. शोभनाने चेअरमनकडे पाहिलं, चेअरमननी घड्याळाकडे. लतिका टीचरने तेवढ्यात विचारलं, होडीवालीचं ऐकायचं ना?

पंकजाक्षी उभी राहायच्या आतच मागून कोणीतरी म्हणालं, हिचं वल्हं चुलीत जाईल ना पूल झाला तर. हशा पिकला. चेअरमनसुद्धा मिशीत हसले आणि म्हणाले की ह्यांचा स्वार्थ गुंतलेला आहे, हे समितीने ध्यानात घ्यावं.

सुमतीचं नाव पंकजाक्षीच्या जिभेवर आलं होतं, ते तिने गिळलं. मेलेल्या बहिणीला ह्या लोकांपुढे साक्षीला काढायचं तिला पटलं नाही. ती कुट्टप्पनकडे वळली.

"कुट्टप्पन चेट्टा, कुकारा झाला नाही म्हणतोस, ते मला मान्य आहे. नव्हताच झाला. आता एक कर. हाताने हनुवटी घट्ट धर. दातावर दात ठेव, ओठ मिटून घे. धरलीस? आता कुकारा घाल."

लोकांना गंमत वाटली. कुट्टप्पनलाही वाटली, तो होताच तसा. त्याने हनुवटी धरली, छाती फुगवली आणि जोर लावला. नाकातून हम्म असं काहीतरी निघालं, गोठ्यातली गाय कण्हावी तसं. पोरं खिदळली. "आणखी मोठ्याने," पंकजाक्षी म्हणाली. त्याने डोळे बाहेर येईपर्यंत जोर लावला. पुन्हा तेच. "पलीकडे जेट्टीवर पोचायला हवा हां आवाज." तिसऱ्या वेळेला हसणाऱ्यांपैकी कोणीच हसलं नाही. कुट्टप्पनने हात खाली घेतला आणि रजिताकडे पाहिलं. तिच्या हनुवटीखालचा वण तिथून दिसत होता.

"कुकारा घालायला जबडा लागतो," पंकजाक्षी म्हणाली. "तो हिला नव्हता. ती तुमच्या पायऱ्यांवर उभी राहून असाच आवाज काढत असेल, नाहीतर तोही नसेल. कमरेएवढ्या पाण्यात उतरली, तेव्हा मला कळलं. सकाळी धडधाकट गेली असती तर तिचा कुकारा तुम्ही सगळ्यांनी ऐकला असता. ऐकला का कोणी?"

सकाळी गर्दीबरोबर गेली, कुकारा कशाला घालेल, असं अनिरुद्धन पुटपुटला. पण रोज त्या सकाळच्या होडीत बसणारी माणसं समोरच बसली होती, आणि त्यांतल्या एकालाही रजिता आपल्याशेजारी बसलेली आठवेना. इतके दिवस त्यांना हे कोणी विचारलंच नव्हतं, आणि आपणहून सांगायचं तर पूल जात होता.

तेव्हा रजिता उठली. तिचं तोंड अजून बोटभरच उघडायचं. शब्द दातांमधून येत होते, पण आले. "मी तक्रार मागे घेणार नाही."

जोसुकुट्टींनी घसा साफ केला. समितीला सगळ्यांच्या भावना समजतात, म्हणाले. तक्रार पोलिसांकडे पाठवू. पण ठराव तो ठराव. तक्रार शिल्लक राहिली, तेव्हा यंदा पैसा शर्यतीच्या मंडपाला जाईल, त्या वॉर्डात तक्रार नाही. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, ह्यातली गत. मागच्या बाकांवर कुजबुज झाली. गेला, गेला पूल. काही नजरा पुन्हा रजिताकडे वळल्या, आणि आता मात्र पंकजाक्षीचा तोल गेला.

"तिच्याकडे काय बघता, ह्यांच्याकडे बघा. चेअरमन साहेब, पोलीस ठाणं पाण्यापलीकडे. दवाखाना पलीकडे. कोर्ट पलीकडे. बाईने जायचं तर अख्ख्या बेटाला ओरडून सांगून जायचं. म्हणून इथून इतकी वर्षं तक्रार आली नाही. मार बसत नव्हता म्हणून नाही. त्याला तुम्ही शांती म्हणालात आणि वर बक्षीस लावलंत. आधी पूल बांधा. पूल झाला की बायका गप गुमान चालत येतील, एकामागून एक, आणि मग तुम्हाला कळेल पनयंतुरुत्तात किती शांती आहे ते."

कोणी टाळी वाजवली नाही. पण बायकांच्या बाजूला एकीने पदराने डोळे पुसले, दुसरीने आपली बाही खाली ओढली. शोभनाने ते पाहिलं आणि फलकाकडे बघत राहिली.

लोक पांगले. पायऱ्यांवर रजिता होडीत बसली, तिची आई बसली, तक्रारीचे कागद पिशवीत घालून लतिका टीचर बसली, ठाण्यात स्वतःच्या हाताने द्यायचे म्हणून. होडी सुटणार तोच देवकी झपाझप पायऱ्या उतरून आली. काखेत मीनू, हातात तिच्या कपड्यांचं बोचकं. तिने पोर रजिताच्या मांडीत ठेवली. "माझ्याने अडवलं गेलं नाही गं," एवढंच म्हणाली आणि मागे उभ्या असलेल्या मुलाकडे न बघता त्याच्या शेजारून घरी गेली.

चेअरमन आणि साहेब होडीकडे आले, तर पंकजाक्षीने बांबूने होडी लोटली होती. जागा होती खरं तर. "आधी ह्यांना सोडते," ती म्हणाली.

पलीकडे तिने चौघींना रस्त्याला लावलं. मीनू आईच्या खांद्यावरून होडीकडे हात हलवत होती. त्या वळणाआड होईपर्यंत पंकजाक्षी बघत राहिली. ऊन डोक्यावर आलं होतं. तिने होडी बांधली, जेट्टीच्या सावलीत बसली आणि डबा उघडला.

समोर बेटाच्या पायऱ्यांवर जोसुकुट्टी उभे होते. कुट्टप्पनने दुकानाच्या फळ्या लावून घेतल्या होत्या, आणि त्यांच्यासाठी कुकारा घालायला दुसरं कोणी पुढे आलं नव्हतं. त्यांनी हात वर केला. थोड्या वेळाने फाईल हलवली. आसपास बघितलं, तोंडाशी हात नेला आणि चेअरमनने असं ओरडायचं कसं, म्हणून परत खाली घेतला.

कुकारा नाही म्हणजे घाई नाही. पंकजाक्षीने भातावर कालवण ओतलं आणि सावकाश जेवू लागली.